सोबतीला कोण आहे?

५ फेब्रुवारी

प्रिय टिकले,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र परवाच आलं. मास्तर चष्मा डोळ्यांवर ठेवून घरभर चष्मा शोधतात आणि तू दाखवलास की "हा कुणाचा?" म्हणून तुलाच विचारतात, हे वाचून मला हसू आलं. मग हसू आलं याचं वाईट वाटलं. जन्मभर भूमिती शिकवलेला तुझा नवरा, आणि आता त्याला स्वतःच्या घरातले कोपरे ओळखता येत नाहीत. फोन वाजला की ते अजून दचकतात का? मी म्हणूनच फोन करत नाही. पत्र बरं. ते वाजत नाही.

मी ठीक आहे. पोट जरा कुरकुरतं, पण या वयात कुणाचं कुरकुरत नाही?

तू पुन्हा विचारलंयस, "ताई, रिटायर होऊन वर्ष झालं, मागची खोली रिकामीच आहे, कधी येतेस?" येईन गं. सध्या मात्र जमणार नाही. मी एका संस्थेच्या मंडळावर गेले आहे आणि सारख्या मीटिंगा चालू आहेत. हसू नकोस. मीटिंगांना शिव्या घालण्यात माझी अख्खी नोकरी सरली हे मला आठवतं.

संस्थेचं नाव 'सोबत'. चार जिल्ह्यांत काम चालतं. इस्पितळात ज्यांच्याजवळ बसायला कुणी नाही अशा पेशंटपाशी आमचा एक माणूस जाऊन बसतो. ऑपरेशनच्या आधी, नंतर, कधी अगदी शेवटालाही. औषध द्यायचं नाही, सल्ला द्यायचा नाही. बसायचं, पाणी हवं का विचारायचं, ते बोलले तर ऐकायचं आणि ऐकलेलं बाहेर न्यायचं नाही. मला आधी वाटलं, यात काय मोठंसं? मग एकदा स्वतः जाऊन बसले. खुर्ची ओढली आणि लक्षात आलं की पेशंटच्या उशाशी मी आजवर नुसती उभीच राहिलेली आहे.

बसणाऱ्यांना शिकवायचं काम माझ्याकडे दिलंय. आणि मंडळावर आम्ही पाच जण, सगळे बिनपगारी. आता देणगीदारांसाठी एक पुस्तिका छापायची आहे, तिच्यात प्रत्येकाची 'व्यावसायिक पार्श्वभूमी' हवी. आमची समन्वयिका म्हणून एक चटपटीत मुलगी आहे, संस्थेत पगार घेणारी ती एकटीच. ती सगळ्यांच्या मागे लागली, "दोन ओळी द्या, फक्त दोन ओळी." त्यावरून जी गंमत झाली ती तुला सांगायलाच हवी.

अध्यक्ष आहेत निवृत्त न्यायाधीशबाई. त्यांनी दोन म्हणजे दोनच ओळी दिल्या. त्या बोलत असताना मध्येच कुणी तोंड उघडलं तर बाई नुसतं पेन वर करतात. समोरचा माणूस जागच्या जागी आरोपी होतो. दुसरे जनावरांचे डॉक्टर. यांनी गायी-म्हशींपासून पोपटापर्यंत सगळ्यांना बरं केलंय. आमच्याकडे कुठलाही पेशंट आला की त्यांचा पहिला प्रश्न, "खातोय का?" एका आजोबांजवळ बसायला गेले आणि नकळत त्यांच्या मानेवरून, कानामागून हात फिरवत राहिले. आजोबांना इतकं आवडलं की दुसऱ्या दिवशी त्यांनी "ते कालचेच पाठवा" म्हणून निरोप धाडला. तिसरे रेडिओवर बातम्या वाचायचे. ते फार लांब राहतात, त्यामुळे भिंतीवरच्या पडद्यावर येतात. "माझा चहा निवतोय" हे वाक्यसुद्धा ते असं म्हणतात की कुठंतरी धरण फुटलंय असं वाटावं.

आणि चौथे पाडकामवाले. जुन्या इमारती पाडायचे ठेके घेतात. दांडगा माणूस, अत्तर इतकं की आधी वास येतो आणि मग ते येतात; फोन अखंड खणखणतो. मुलीने बिचारीने त्यांच्या नावापुढे 'बांधकाम व्यावसायिक' असं लिहून आणलं होतं. हे भडकले. "मी आयुष्यात एक वीट बांधलेली नाही. पाडतो. पाडकाम लिहा." न्यायाधीशबाईंनी पेन वर केलं, तरी हे गप्प बसेनात.

चहाच्या वेळी मी त्यांना जरा खोचकपणेच विचारलं, "तुम्ही या कामात कसे काय?" ते म्हणाले, "डॉक्टर, एक इमारत पाडायची होती. कागदोपत्री रिकामी. माझी सवय अशी की मशीन लावायच्या आधी प्रत्येक खोलीत जाऊन हाक मारायची. वरच्या मजल्यावर एक म्हातारा निघाला. सगळे शेजारी गेले, पोरं गेली, याला न्यायचं राहिलं. पलंगावर बसून होता. मी त्याला इस्पितळात नेलं. तिथं कोण थांबणार? मीच थांबलो." आणि पुढं काय झालं विचारलं तर म्हणाले, "काय होणार. गेला." मग त्यांचा फोन वाजला आणि ते कुणावर तरी ओरडत बाहेर गेले.

तरीही मला हा माणूस झेपत नाही. एका बाईंच्या खोलीत बसल्या बसल्या घोरले म्हणून तक्रार आली आहे.

माझ्या दोन ओळी मला भरेनात. 'भूलतज्ज्ञ, निवृत्त.' एवढ्यात संपलं. मुलगी म्हणाली, "मॅडम, एखादा लक्षात राहिलेला पेशंट?" मी म्हटलं, "अगं, त्यांच्या लक्षात मी राहिले तर मी माझं काम नीट केलं नाही असा अर्थ होतो." सगळे हसले. पण परवा काय झालं सांगते. वाणसामानाच्या दुकानात रांगेत माझ्यापुढे एक बाई होत्या. मी बघताक्षणी ओळखलं. फार लांबलेलं ऑपरेशन होतं, आणि भूल चढेपर्यंत त्यांनी माझं बोट असं आवळून धरलं होतं की नंतर ते सुजलं. त्या मैत्रिणीला सर्जनचं कौतुक सांगत होत्या, किती देवमाणूस वगैरे. माझी पिशवी त्यांच्या पिशवीला लागली. त्या वळून "सॉरी हं" म्हणाल्या आणि पुन्हा सांगू लागल्या.

असो. बरं चाललंय. माझी काळजी करू नकोस, तुला तिकडे काळज्या कमी नाहीत. मास्तरांना नमस्कार. तुझं गुडघ्याचं तेल संपलं असेल तर कळव.

तुझी,
ताई


२० एप्रिल

प्रिय टिकले,

आशीर्वाद. उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. जरा थकवा होता. उन्हाळा बाधला असेल. वजन थोडं उतरलंय, कपडे सैल होतात. तू नेहमी म्हणायचीस ना की ताईला बारीक झालेलं बघायचंय, तर बघ.

मास्तर तुला हल्ली 'बाई' म्हणून हाक मारतात आणि वर 'अहो-जाहो' करतात, हे तू किती सरळ लिहून टाकलंस. मी ते वाक्य वाचून पत्र खाली ठेवलं आणि बराच वेळ पुढं वाचलं नाही. तू रात्री नीट झोपतेस का?

इकडे आमच्या मंडळात मोठं रण माजलं. एका गृहस्थांजवळ आमची माणसं आलटून पालटून बसली होती. त्यांनी सांगितलं होतं, मला कुणी नाही. शेवटी ते गेले. त्यानंतर आठवड्याभराने ऑफिसात एक बाई आल्या. त्या गृहस्थांची मुलगी. राहायला त्याच शहरात, इस्पितळापासून दोन बस थांब्यांवर. ती ओरडली नाही, ओरडली असती तर बरं झालं असतं. खुर्चीत बसून तिने आमच्या समन्वयिकेला विचारलं, "माझ्या वडिलांच्या शेवटी कोण होतं?" समन्वयिकेने सांगितलं. त्या बाई म्हणाल्या, "मग ते काय म्हणाले, ते मला सांगा." आणि आमचा तर नियम की ऐकलेलं बाहेर न्यायचं नाही. आमची समन्वयिका रडायला लागली. त्या बाई उठून गेल्या.

मीटिंगमध्ये मी म्हटलं की हे पुन्हा होता कामा नये. ज्याला रक्ताचं माणूस आहे त्याला आपण सोबत द्यायची नाही. आधी त्या माणसाला कळवायचं. आपण ज्यांना खरंच कुणी नाही त्यांच्यासाठी आहोत. आपण मध्ये जाऊन बसलो तर घरच्यांची जागा अडते.

पाडकामवाले म्हणाले, "डॉक्टर, माणूस असणं वेगळं आणि त्याला बोलवावंसं वाटणं वेगळं."

मी म्हटलं, "वाटण्या-बिटण्यावर संस्था चालत नाही."

"मग कशावर चालते?"

जनावरांचे डॉक्टर मध्ये पडले, म्हणाले की गाय आजारी पडली तर कळपापासून लांब जाऊन बसते, त्यात कळपाचा काही दोष नसतो. पाडकामवाले म्हणाले, "बघा, गायीला कळतं." न्यायाधीशबाईंचं पेन इतक्या वेळा वर गेलं की त्यांचा हात दुखला असणार. शेवटी मत घेतलं. नियम झाला. पडद्यावरून बातम्यावाल्यांनी "मी डॉक्टरांशी सहमत आहे" असं म्हटलं तेव्हा मला खरंच युद्ध जिंकल्यासारखं वाटलं. आता सोबत मागणाऱ्या प्रत्येकाला विचारायचं: तुमचं कुणी आहे का? आहे म्हणाले तर आधी त्यांना फोन.

पाडकामवाले जाताना माझ्याशी बोलले नाहीत. मीही बोलले नाही. घरी आले, कुलूप काढलं, आणि मला हे सगळं कुणालातरी सांगायचं होतं. मी अगदी पर्स हातात घेऊन उभी होते. मग दिवा लावला.

तू मागच्या खोलीला रंग दिलास असं लिहिलंयस. कशाला खर्चात पडलीस? मे महिन्यात माझं जमणं कठीण आहे. इथं एक काम निघालंय, ते उरकायला हवं. सविस्तर मागाहून लिहीन.

तुझी,
ताई


२ जून

प्रिय टिकले,

आशीर्वाद.

हे पत्र आधी बसून वाच. मास्तर झोपले असतील तेव्हा वाच. आणि शेवटपर्यंत वाच, मध्येच फोन करायला उठू नकोस.

मे महिन्यातलं जे काम म्हटलं होतं ते म्हणजे माझं ऑपरेशन. मोठ्या आतड्यात गाठ होती. काढली. नीट निघाली आहे. पुढं काही महिने औषधाचे डोस घ्यावे लागतील. सर्जन म्हणतात बरं होण्याची आशा चांगली आहे, आणि ते खोटं बोलतात तेव्हा त्यांचा चेहरा कसा होतो हे मला फार वर्षांपासून ठाऊक आहे. तसा झाला नाही. म्हणजे घाबरायचं कारण नाही. मी घरी आहे, हळूहळू चालते, भात-वरण पचतं.

आता जे लिहायचं आहे ते असं. तारीख ठरल्यावर इस्पितळाने विचारलं, सोबतीला कोण येणार? एकट्या पेशंटला ते घेत नाहीत. मी आमच्या समन्वयिकेला फोन केला. म्हटलं, "मला एक माणूस हवाय. माझ्यासाठी." तिने तारीख लिहून घेतली. मग हळूच म्हणाली, "मॅडम, विचारायला लागतं म्हणून विचारते. तुमचं कुणी आहे का?"

मी म्हटलं, "नाही."

टिकले, मी तुझं नाव सांगितलं नाही. नुसतं नाव गाळलं असं नाही. 'कुणी नाही' असं तोंडाने म्हटलं. माझा आवाज अगदी स्वच्छ होता. ज्या नियमासाठी मी भांडले तो मोडायला मला एक श्वाससुद्धा लागला नाही.

मी समन्वयिकेला एवढं मात्र बजावलं, "कुणालाही पाठव, पण पाडकामवाले नकोत." सकाळी खोलीत आधी अत्तराचा वास आला. मागून ते. म्हणाले, "चौकशी करू नका. जनावरांचे डॉक्टर एका अडलेल्या घोडीकडे गेलेत. मोकळा मीच होतो." खुर्चीत बसले, वर्तमानपत्र उघडलं आणि खिशातून फोन काढून माझ्यासमोर बंद केला. हा फोन बंद होऊ शकतो हे मला माहीत नव्हतं.

"घाबरलात?" त्यांनी विचारलं.

"छे. माझं रोजचं काम होतं हे."

"मी असतो तर घाबरलो असतो बुवा."

भूल द्यायला एक कोवळी पोरगी आली. माझी विद्यार्थिनी नव्हती, मला ओळखतही नव्हती. म्हणाली, "मावशी, अजिबात घाबरायचं नाही हं. छान झोप लागेल." मावशी! तिने सुई बरोबर टोचली, हे मान्य करते. पण तिने मास्क तोंडाशी आणला तेव्हा मी तिच्या डोळ्यांकडे बघत होते आणि ठरवत होते की हे डोळे लक्षात ठेवायचे, बाजारात दिसली तर ओळखायचं. आता आठवायला गेले तर काही आठवत नाही. तपकिरी होते की काळे, तेही नाही.

शुद्धीवर येताना माणसं बडबडतात. ते मी आयुष्यभर ऐकत आले. कुणी आईला हाका मारतं, कुणी साहेबांची माफी मागतं, एका पोलीस अधिकाऱ्याने मला पूर्ण पाढे म्हणून दाखवले होते. आपण ऐकतो आणि सोडून देतो. मी बडबडले असेन असं मला वाटलंच नाही. जाग आली तेव्हा दुपारचं ऊन भिंतीवर होतं आणि पाडकामवाले शेजारी होते. त्यांचा हात माझ्या हातात होता. मी ओशाळून काढून घेतला. ते मनगट चोळत म्हणाले, "बरीच ताकद आहे तुमच्यात."

पुढले दोन दिवस ते येत राहिले. वर्तमानपत्रातलं खेळाचं पान मोठ्याने वाचायचे. मला खेळातलं काही कळत नाही हे सांगून उपयोग झाला नाही. मध्ये एकदा घोरलेही. तिसऱ्या दिवशी मी उठून खिडकीपर्यंत चालले, परत येऊन बसले, तेव्हा त्यांनी पान उलटता उलटता विचारलं,

"टिकली कोण?"

माझ्या तोंडून निघालं, "कुणी नाही."

दुसऱ्यांदा, टिकले.

त्यांनी डोळे पुन्हा वर्तमानपत्रात घातले. मीच थोड्या वेळाने विचारलं, "मी काय म्हटलं?"

"ते सांगायचं नसतं. ट्रेनिंगमध्ये तुम्हीच शिकवलंत."

"मी माझंच विचारतेय."

"तरी नाही. ते तुम्ही मला नव्हतं सांगितलं." मग वर्तमानपत्राची घडी घालत म्हणाले, "एवढं सांगतो. तुम्ही मला सारखं टिकली म्हणत होतात. 'टिकले, आहेस ना?' मी म्हटलं, आहे. चाललं ना तेवढं?"

मी भिंतीकडे तोंड केलं. ते खोलीतून बाहेर गेले, आणि मला जरा वेळ मिळेल इतका वेळ बाहेर राहिले. परत आले तेव्हा मी म्हटलं, "बहीण आहे. धाकटी."

"कळवू?"

"नको."

"बरं," म्हणाले, आणि खेळाचं पान उघडलं.

मी नाही का म्हटलं, ते आता सांगते. मी स्वतःला सांगितलं होतं की तुझ्यावर आधीच मास्तरांचा भार आहे, तुला आणखी त्रास नको. ते खोटं नाही. पण अर्धंच खरं आहे. तुला विचारलं असतं आणि तू म्हणाली असतीस, "ताई, यांना सोडून मी कशी येऊ?" तर? त्यात तुझी काही चूक नसती. तुला खरंच येता आलं नसतं. पण मग मला ते कळलं असतं. विचारलंच नाही, तर 'विचारलं असतं तर ती आलीच असती' असं समजून त्या पलंगावर पडून राहता येतं. मी तसं पडून राहिले.

आणि दुसरं. मागच्या वर्षी मी तुझ्याकडे आले होते तेव्हा जेवताना मास्तरांनी तुला विचारलं होतं, "या बाई अजून गेल्या नाहीत?" तू हसलीस. मीही हसले. तू किती दमलेली होतीस, हसण्याशिवाय काय करणार होतीस, हे मला तेव्हाही कळत होतं आणि आजही कळतं. एका आजारी माणसाचं वाक्य ते. मी डॉक्टर आहे, मला हे समजायला नको? पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी 'अचानक काम निघालं' म्हणून बॅग भरली. तेव्हा मला कसलंही काम नव्हतं. संस्थेचं नावसुद्धा मी नंतर ऐकलं. घरी येऊन बसल्यावर मला काहीतरी शोधायलाच हवं होतं, नाहीतर तुला काय कारण लिहिणार? तू खोलीला रंग दिलास हे वाचलं तेव्हा मला सांगावंसं वाटलं होतं. वाटलं, आणि मी मीटिंगबद्दल लिहिलं.

परवा मंडळाची बैठक झाली. मी काठी घेऊन गेले. माझी पाळी आली तेव्हा म्हटलं, "मी नियम मोडला. मला बहीण आहे." न्यायाधीशबाईंनी विचारलं, "आपण समन्वयिकेला खोटं सांगितलंत?" मी म्हटलं, "हो." बाईंनी पेन उचललं नाही, उलट खाली ठेवलं. पडद्यावरच्या बातम्यावाल्यांनासुद्धा आवाज सापडेना. मग बाई म्हणाल्या की त्यांच्या कोर्टात साक्षीदार सर्वांत जास्त खोटं कुठल्या प्रश्नाला बोलायचे, माहीत आहे का? तुमच्या घरी कोण कोण असतं, या प्रश्नाला. का, ते त्यांना कधी कळलं नाही. आणि त्यांनी मला विचारलं, "डॉक्टर, तुम्हाला काय विचारलं असतं तर खरं सांगता आलं असतं?"

मी म्हटलं, "कुणी आहे का, हे विचारायला नको होतं. कुणाला कळवावंसं वाटतंय का, असं विचारलं असतं तर... निदान गप्प बसले असते. नाही म्हटलं नसतं."

नियम बदलला. आता तसंच विचारायचं, आणि माणूस गप्प बसला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायचं. पाडकामवाल्यांनी हात वर केला, पण जिंकल्याचा चेहरा केला नाही. त्यांचा फोन वाजत होता. त्या दोन बस थांब्यांवरच्या मुलीला मात्र यातलं काहीच मिळालं नाही. तिला वडिलांचे शब्द हवे होते. तिला कुणी भेटायला जावं असं ठरलंय. मी जाईन म्हटलंय, अंगात जरा बळ आलं की.

मी राजीनामा देऊ केला. तो त्यांनी घेतला नाही, पण मी सध्या रजेवर आहे. म्हणजे तुझ्यासाठी माझ्याकडे आता कुठलंही कारण उरलेलं नाही.

गुंगीत मी तुला काय काय सांगितलं ते त्या माणसाला ठाऊक आहे. मला नाही आणि तुला नाही. ते शब्द परत आणता येत नाहीत. म्हणून जागेपणी विचारते. औषधाचे डोस तुझ्या गावातल्या इस्पितळातही मिळतात, मी चौकशी केली आहे. पहिल्या एक-दोन दिवसांत मी कामाची नसेन. बाकीच्या दिवशी मास्तरांजवळ बसेन, तू झोप काढ. ते मला बाई म्हणाले तर म्हणोत. मला ती मागची खोली देशील का? जमणार नसेल तर तसं लिही. या वेळी मी खरंच विचारते आहे, तेव्हा उत्तर काहीही असलं तरी मी ते ऐकून घेईन.

तुझी,
ताई


११ जून

टिकले,

काल दुपारी फोन वाजला तेव्हा मला वाटलं इस्पितळाचा असेल. मी उचलला आणि पलीकडून कुणी बोलेना. मागे मास्तरांचा आवाज येत होता, "कोण आहे? कोण आहे?" त्यावरून मी तुला ओळखलं.

तू जे म्हणालीस त्यातलं मी काही विसरलेली नाही. तू म्हणालीस की मी दोनदा 'कुणी नाही' म्हटलं, ते वाक्य तू चार दिवस घरात घेऊन फिरते आहेस. भांडी घासताना, मास्तरांना भरवताना. तू म्हणालीस, "मी आले नसते असं तू ठरवलंस कुणाला विचारून? शेजारणीला बसवून आले असते. एका दिवसासाठी आले असते. हात धरायला तर आले असते." मग तू रडलीस, आणि मास्तर तुला "बाई, रडू नका" म्हणाले ते मला इकडे ऐकू आलं. शेवटी तू म्हणालीस, "ये. खोली तयार आहे. पण मी चिडलेली आहे, ताई, आणि तू आलीस म्हणून ते जाणार नाही."

मी फोनवर काही बोलू शकले नाही, म्हणून लिहिते. तुझं बरोबर आहे. मी तुला माफ कर म्हणून सांगणार नाही, घाईही करणार नाही. माझ्यापाशी वेळ आहे, निदान आहे असं सर्जन म्हणतात.

रविवारच्या गाडीने निघते. दुपार कलायच्या सुमाराला पोचेन. स्टेशनवर येऊ नकोस, मास्तरांना एकटं ठेवायला नको. कपडे थोडेच आणते आहे, औषधंच जास्त आहेत. राग असेल तसाच असू दे. दोन दिवस बोलली नाहीस तरी चालेल, मी मागच्या खोलीत असेन. फक्त दार शेजारणीला उघडायला लावू नकोस. तू उघड.

तुझीच,
ताई